सुई कोणाच्या घरची?

पावसाळ्यातील एका सोमवारी सकाळी मी दवाखान्यापाशी पोहोचले, तेव्हा कुलूप उघडण्यापूर्वीच दोन स्त्रिया पायरीवर बसलेल्या दिसल्या. त्यांपैकी एक आमच्याच सोसायटीचा कचरा नेणाऱ्या मावशी. सात-आठ वर्षे मी त्यांना रोज सकाळी पाहत होते. परंतु त्यांच्याशी माझे बोलणे 'आज पिशवी बाहेरच आहे हं' यापलीकडे कधी गेले नव्हते. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला पदराची चिंधी बांधलेली होती आणि चेहऱ्यावर भीती होती. दुसऱ्या स्त्रीचे वय पन्नाशीच्या पुढचे असावे. तिच्या गळ्यात ओळखपत्र होते आणि हातात झाकण घट्ट लावलेली पाण्याची रिकामी बाटली. बाटलीच्या तळाशी एक बारीक सुई होती.

"डाक्तरबाई, सुक्या कचऱ्याची पिशवी मोकळी करताना हिला ही सुई टोचली," ती म्हणाली. "साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धुतलंय. दाबून रक्त काढलं नाही, तोंडात बी धरलं नाही. आता धनुर्वाताचं इंजेक्शन पाहिजे, काविळीच्या लशीचं बघाया पाहिजे, आन् ते दुसरं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करायचं असतंय ना? सरकारी दवाखान्यात कुठं जायाचं, त्याची चिठ्ठी द्या."

माझ्या व्यवसायाला पंचवीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे. इतकी नेमकी हकिगत, इतक्या योग्य क्रमाने सांगणारा रुग्ण किंवा नातेवाईक मला क्वचितच भेटला आहे. सुशिक्षित घरांतील माणसेसुद्धा सुई टोचल्यावर बोट पिळतात, हळद भरतात, आणि आठवडा उलटल्यावर सहज म्हणून विचारतात. या बाईंनी मात्र प्रथमोपचार अचूक केला होता, पुरावा जपून आणला होता, आणि मी काय करायला हवे तेही त्यांना ठाऊक होते.

"हे सगळे तुम्हाला कोणी शिकवले?" मी विचारले.

"आमची मीटिंग असती दर महिन्याला," त्या म्हणाल्या. "मी वस्तीची प्रतिनिधी हाय."

मी जखम तपासली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, हिपॅटायटिस बी च्या लशीची पहिली मात्रा दिली आणि सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. त्या दोघी गेल्या. बाटली टेबलावर राहिली. मी ती उचलून पाहिली. सुई इन्सुलिनची होती.

आमच्या सोसायटीतील कोणकोणत्या घरांत इन्सुलिन घेतले जाते, हे मला चांगलेच माहीत आहे. कारण त्यांपैकी बहुतेकांना ते मीच लिहून दिलेले आहे. पोटावर कोठे टोचायचे, जागा कशी बदलायची, कुपी शीतकपाटात कोठे ठेवायची, हे मी प्रत्येकाला समजावून सांगते. वापरलेल्या सुईचे काय करायचे, हे मात्र मी कोणालाही कधीच सांगितले नव्हते. त्याहून अवघड गोष्ट अशी, की त्या घरांत माझे स्वतःचेही घर होते. माझ्या सासूबाई त्या वेळी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना दिवसातून दोन वेळा इन्सुलिन द्यावे लागे. टोपण लावलेली सुई आमच्याकडे सुक्या कचऱ्याच्या पिशवीतच जात असे.

ती सुई कोणाच्या घरची, हे कधीच कळले नाही. मावशींनी तसे विचारलेही नाही. तो प्रश्न मीच मला विचारत राहिले, आणि आज तो आपल्यापुढेही ठेवत आहे. या पाक्षिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजारी किंवा वयोवृद्ध माणूस आहे; म्हणजेच सुया, डायपर, जखमेच्या पट्ट्या आणि मुदत उलटलेल्या गोळ्या आहेत. त्या आपल्या दारातून बाहेर पडल्यावर कोणाच्या तरी हातांतून जातात.

कचरेवालीची कष्टकरी झाली, ती कशी?

त्या प्रतिनिधी बाई ज्या संघटनेच्या सभासद आहेत, तिचे नाव 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत'. तिची स्थापना पुण्यात १९९३ साली झाली. त्या वर्षी मे महिन्यात कचरावेचकांची जी पहिली परिषद भरली, तिला आठशेहून अधिक जण आले होते. त्यापूर्वी काही वर्षे एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातील लक्ष्मी नारायण, पौर्णिमा चिकरमाने आणि त्यांचे सहकारी वस्त्यांमध्ये जात होते. ते गेले होते साक्षरतेच्या वर्गांसाठी. तेथे त्यांना दिसले ते असे, की मुले आयांबरोबर पहाटे कचराकुंड्यांवर जातात. आधी पोटाचा प्रश्न सुटल्याशिवाय पाटीचा सुटणार नाही, हे ओळखून त्यांनी कामाची दिशा बदलली. उकिरड्यात हात घालण्याऐवजी घरोघरीच वेगळा केलेला सुका कचरा या स्त्रियांना मिळावा, यासाठी त्यांनी ओळखपत्रांची कल्पना पुढे आणली. ज्या बाईकडे पोलीस आणि रहिवासी चोर म्हणून पाहत, तिच्या गळ्यात तिचे नाव आणि छायाचित्र आले.

या स्त्रियांपैकी अनेक कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाडा, सोलापूर अशा भागांतून पुण्यात आली. बहुतेक दलित समाजातील, बहुतेकींना अक्षरओळख नाही. जमीन नाही, हातात कला नाही असे समजले गेलेल्या या माणसांनी शहर जे फेकते त्यावर घर चालवले. या संघटनेने आपल्या नावात 'कचरा' हा शब्द ठेवला नाही. कागद, काच आणि पत्रा या विकाऊ वस्तू आहेत आणि त्या गोळा करणारी व्यक्ती कष्टकरी आहे, हा विचार त्या नावातच आहे.

वैद्यकीय व्यवसायातील माझ्यासारखीला या कथेतील आणखी एक धागा जवळचा वाटतो. या संघटनेच्या पाठीशी अध्यक्ष म्हणून उभे राहिलेले बाबा आढाव हे मूळचे वैद्य. पुण्यातील नाना पेठेत त्यांचा दवाखाना होता. पाठदुखी आणि मानदुखी घेऊन हमाल त्यांच्याकडे येत. औषधाने दुखणे तेवढ्यापुरते थांबे, आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पुन्हा तेच जड पोते चढे. दुखण्याचे मूळ पाठीत नसून पोत्याच्या वजनात आणि मजुरीच्या अटींत आहे, हे निदान त्यांनी केले. १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी राहिली ती त्या निदानातून. पुढे मुंबईतील माथाडी कामगार आणि राज्यातील हमाल यांच्या लढ्यांमुळे महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली माणसाने वाहायच्या ओझ्याविषयी करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. भारताने त्या कराराला मान्यता दिली ती २०१० साली. पाठीच्या कण्याचा प्रश्न दवाखान्यातून सुटायला किती वेळ लागतो आणि संघटनेने तो कसा पुढे सरकतो, याचा हा धडा आहे.

कागद-काच-पत्रा पंचायतीची वाटचाल अशीच पायरी-पायरीने झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यास पुणे महानगरपालिकेने तिच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी पतसंस्था निघाली. हा कचरा वेचल्यामुळे महापालिकेचा वाहतुकीचा खर्च किती वाचतो, हे अभ्यासातून दाखवून दिल्यावर महापालिकेने कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा भार उचलला. २००७ साली याच संघटनेतून 'स्वच्छ' ही कष्टकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था आकाराला आली. पुढील वर्षी तिने महापालिकेशी करार केला आणि तिचे सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागले. आज पुण्यातील अनेक भागांत सकाळी दारावरची घंटा वाजवणारी व्यक्ती या संस्थेची सभासद असते. म्हणजे ती नुसती कामगार नसून संस्थेची भागीदारही असते.

पुढारीपण शिकता येते

त्या सोमवारनंतर महिनाभराने प्रतिनिधी बाईंनी मला त्यांच्या वस्तीतील बैठकीला बोलावले. "औषधाचं नको सांगू, आधी ऐका," असे त्यांनी बजावून ठेवले होते. समाजमंदिरात पंचवीस-तीस स्त्रिया सतरंजीवर बसल्या होत्या. बाईंनी भाषण केले नाही. त्यांनी एका कागदावर चार रकाने आखले आणि एकेकीला विचारू लागल्या, "या महिन्यात तुला काय लागलं?" काचेने कापले तर एका रकान्यात रेघ, सुई टोचली तर दुसऱ्यात, कुत्रे चावले तर तिसऱ्यात, कंबर किंवा गुडघा धरून घरी बसावे लागले तर चौथ्यात. ज्या बाईंना सहीसुद्धा वयाच्या चाळिशीनंतर करता येऊ लागली, त्या माझ्यापुढे रोगपरिस्थितीशास्त्राचा पहिला पाठ गिरवत होत्या. सुईच्या रकान्यातील रेघा वाढत गेल्या, तशी मी खाली पाहू लागले.

त्यानंतर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "कुणी घरमालकाला सांगितलं?" हात फारच थोडे वर आले. "का नाही सांगितलं?" उत्तरे आली: काम जाईल, रागावतील, आपले कोण ऐकणार. मग ठरले, की कोणीही एकटीने जायचे नाही, दोघींनी जायचे. भांडायचे नाही, सुई बाटलीत घालून दाखवायची. आणि पुढच्या बैठकीत काय झाले ते सांगायचे. त्या सोमवारीही त्या दोघी माझ्या पायरीवर जोडीनेच बसल्या होत्या आणि हातात बाटली होती.

नेतृत्व म्हणजे काहींच्या अंगी जन्मतः असणारा गुण, असा आपला समज असतो. मी जे पाहिले ते वेगळे होते. आधी बाईला तिच्या स्वतःच्या अनुभवाबद्दल विचारले जाते. मग तिला कळते, की हे माझ्या एकटीचे नशीब नाही. नंतर तिला एक लहानसे, जमण्यासारखे काम दिले जाते. ते जमले की ती बैठकीत उठून सांगते. असे चार-सहा वेळा झाले, की तिला सगळे विचारू लागतात. प्रतिनिधी होते ती अशी. यात दर वेळी कोणीतरी मागे बसून दुसऱ्याला पुढे करत असते, आणि मला तरी हे सर्वांत कठीण वाटते. आम्हा डॉक्टरांना तर फारच. कारण आम्हाला सांगण्याची सवय असते, ऐकण्याची नसते.

"पैसे कचऱ्याचे देता, सुईचे नाही"

आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांची मंडळी दर गुरुवारी सायंकाळी जमतात. तेथे त्या दोघींना बोलवावे, असे मी सुचवले. काहींनी नाके मुरडली. एका निवृत्त गृहस्थांनी स्पष्टच विचारले, "आम्ही दरमहा पैसे देतो ना? मग हे व्याख्यान कशासाठी?"

त्यावर उत्तर दिले ते प्रतिनिधी बाईंनी नव्हे, तर सुई टोचलेल्या आमच्या मावशींनी. त्यांचा आवाज कापत होता. "काका, पैसे कचऱ्याचे देता, सुईचे नाही. सुई टोचल्यापासून मी नातवंडाला जवळ घेतलं नाही. त्या गोळ्यांनी अन्न जात नव्हतं. तीन महिने झाले, रिपोर्ट चांगला यावा म्हणून रोज दिवा लावते."

खोलीत कोणीच काही बोलले नाही. ते गृहस्थ स्वतः मधुमेही आहेत. काही वेळाने त्यांनीच विचारले, "मग आम्ही सुई टाकायची कशात, ते सांगा."

दुसरा प्रसंग अधिक नाजूक होता. पतीची अनेक वर्षे सेवा करणाऱ्या एक आजी सभा संपल्यावर हळूच पुढे आल्या. वापरलेले डायपर त्या काळ्या पिशवीत, पिशवीत पिशवी घालून, गाठी मारून देत. घरात काय चालले आहे ते शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. त्या पिशवीत प्लास्टिक असेल या समजुतीने ती रोज उघडली जात होती, हे त्यांना प्रथमच समजले आणि त्यांना रडू आले. प्रतिनिधी बाईंनी त्यांचा हात धरला. "आजी, लाजायचं काय त्यात? माझी सासू बी दोन वर्सं अंथरुणाला होती. फकस्त कागदात गुंडाळा आन् वरून लाल ठिपका द्या. ठिपका दिसला की आम्ही ते उघडत न्हाई."

हा लाल ठिपका 'स्वच्छ'च्या सभासदांच्या मोहिमेतून आला आहे. त्याआधी २०१३ साली याच कष्टकरी स्त्रियांनी वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनच्या पिशव्या ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवल्या होत्या. हे तुम्ही विकता, तर ते गुंडाळण्याची सोयही तुम्हीच द्या, असे त्यांचे म्हणणे होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत, अशा वस्तूंसोबत विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली, आणि ते नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी आपल्यावर, म्हणजे घरांवर. वापरलेल्या सुया आणि मुदतबाह्य औषधे यांना त्याच नियमांनी 'घरगुती घातक कचरा' म्हटले होते.

घरी काय करावे?

आमच्या सोसायटीत त्या सभेनंतर जे ठरले, तेच येथे देते. यांपैकी कशालाही फारसा खर्च नाही.

सुया आणि लॅन्सेट. इन्सुलिनच्या सुया, पेनच्या सुया, बोटातून रक्त काढण्याचे लॅन्सेट यांसाठी जाड प्लास्टिकची, झाकणाची बाटली ठेवावी. कपडे धुण्याच्या द्रवसाबणाची रिकामी बाटली उत्तम. पाण्याच्या पातळ बाटलीतून सुई आरपार येऊ शकते. इंजेक्शन देऊन झाल्याबरोबर सुई थेट बाटलीत टाकावी. सिरिंजच्या सुईला दोन्ही हातांनी टोपण घालू नये, ती वाकवू किंवा मोडू नये. अनेक इजा याच क्षणी होतात. पेनची सुई काढताना तिचे मोठे बाहेरचे टोपण वापरावे. बाटली तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून त्यावर 'सुया – उघडू नये' असे मोठ्या अक्षरांत लिहावे. ती नेहमीच्या कचऱ्यात देऊ नये. आपले डॉक्टर किंवा रक्ततपासणीची प्रयोगशाळा ती स्वीकारतात का, हे विचारावे. दवाखान्यांकडे सुयांसाठी न भेदणारे पांढरे डबे असतात आणि ते नेण्याची व्यवस्था असते. कोठेच सोय नसेल, तर बंद बाटली कचरा नेणाऱ्या व्यक्तीच्या हाती वेगळी, सांगून द्यावी.

डायपर आणि पट्ट्या. हातमोजे घालून डायपर आतल्या बाजूला गुंडाळावा. घट्ट मळ असल्यास तो आधी शौचकूपात टाकावा. डायपर मात्र शौचकूपात कधीही टाकू नये. वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधावा, वर ठळक लाल ठिपका काढावा आणि वेगळा द्यावा. पू किंवा रक्त लागलेल्या पट्ट्या, कापूस, साखर तपासण्याच्या वापरलेल्या पट्ट्या याच रीतीने द्याव्यात. त्यानंतर साबणाने हात धुवावेत.

औषधे. मुदत उलटलेल्या गोळ्या व प्रतिजैविके बेसिनमध्ये किंवा शौचकूपात टाकू नयेत. ती वेगळ्या पाकिटात ठेवून घातक कचरा म्हणून द्यावीत. पाऱ्याचा तापमापक फुटल्यास केरसुणीने झाडू नये. खिडक्या उघडून, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी पाऱ्याचे थेंब गोळा करून काचेच्या बरणीत बंद करावेत.

घरी येणाऱ्या सेविका. ज्येष्ठांची शुश्रूषा करण्यासाठी येणाऱ्या ताईंना हे सारे दाखवावे, आणि त्यांना हिपॅटायटिस बी ची लस मिळाली आहे का याची चौकशी करावी. नसल्यास ती द्यावी. तीन मात्रांची ही लस घरातील काळजी घेणाऱ्या नातेवाइकांनीही घ्यावी, असे मी सुचवेन.

सुई टोचलीच तर. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. पिळू नये, चोखू नये, त्यावर ब्लीच किंवा जंतुनाशक ओतू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रुग्णालयातील ताज्या इजांच्या अभ्यासांनुसार, बाधित व्यक्तीच्या रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटिस सी ची सुमारे २ टक्के, आणि लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस बी ची ६ ते ३० टक्के असते. कचऱ्यातील सुईमुळे धोका सहसा याहून कमी असतो. मात्र हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकू शकतो, हे लक्षात ठेवावे. धोका पाहून डॉक्टर एचआयव्ही प्रतिबंधक औषधे द्यायची की नाही ते ठरवतात. ती शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळतात.

आपणही संघटित होऊ शकतो

हा लेख केवळ सुयांविषयी असता, तर तो येथेच संपला असता. त्या बैठकीतून मी आणखी एक विचार बरोबर आणला.

माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठ रुग्णांपैकी अनेकांचे अर्धे दुखणे एकटेपणाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली माणसांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला, यावरून या दुखण्याची व्याप्ती लक्षात यावी. शुश्रूषा करणाऱ्यांचे एकटेपण तर अधिकच मुके असते. पतीचे डायपर काळ्या पिशवीत लपवणाऱ्या आजींच्या इमारतीत अशीच सेवा करणाऱ्या आणखी तीन स्त्रिया होत्या, आणि चौघींनाही एकमेकींविषयी ठाऊक नव्हते. वस्तीतील स्त्रिया सतरंजीवर बसून 'तुला काय लागलं?' असे विचारू शकतात. आपण बंद दारांमागे तेवढेही विचारत नाही.

आमच्या गुरुवारच्या मंडळीने आता त्यांचीच पद्धत उचलली आहे. बैठकीची वेळ ठरलेली असते आणि ती पाळली जाते. सुरुवातीला प्रत्येक जण एका वाक्यात सांगतो, की या आठवड्यात काय अवघड गेले. एक लहान काम निवडले जाते: जिन्याला कठडा बसवून घेणे, पायऱ्यांवरील दिवा लावून घेणे, शुश्रूषेत अडकलेल्या कोणाला तरी दोन तासांची सुटी मिळवून देणे. त्यासाठी दोघे जण नेमले जातात, एकटा कोणी नाही. पुढच्या गुरुवारी ते काय झाले ते सांगतात. दर तीन महिन्यांनी बैठक चालवणारी व्यक्ती बदलते. आणि आजवर कधीच न बोललेल्या व्यक्तीला प्रथम संधी मिळते. ज्या गृहस्थांनी 'हे व्याख्यान कशासाठी' असे विचारले होते, ते आता इमारतीतील सुयांच्या बाटल्या गोळा करून महिन्यातून एकदा माझ्या दवाखान्यात आणून देतात. त्यांची साखरही अलीकडे बरी आहे. मी त्याचे श्रेय चालण्याला देते, त्यांची पत्नी मात्र या जबाबदारीला देते.

निवृत्त मंडळींपाशी वेळ, अनुभव आणि अक्षर आहे. विम्याचे अर्ज, बँकेची कागदपत्रे, शाळेचे प्रवेश, या कामांत कष्टकरी कुटुंबांना त्याची गरज पडते. पण मदत करायला जाताना त्या प्रतिनिधी बाईंनी मला घातलेली अट लक्षात ठेवावी: सांगू नका, आधी ऐका. आपण पेन्शनीत निवृत्त झालो. कचरा वेचणाऱ्या बाईला निवृत्तीचे वय नसते. गुडघे थांबले की तिचे काम थांबते आणि त्याबरोबर मिळकतही. तिच्या म्हातारपणाचा प्रश्न आपल्याही म्हातारपणाच्या प्रश्नापासून फार दूर नाही. दोघांनाही आधार लागतो, तो माणसांचा.

मावशींचे सर्व अहवाल सहा महिन्यांनी निर्दोष आले. ते घेऊन त्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांनी नातवाला बरोबर आणले होते. लशीची तिसरी मात्रा घेताना त्या म्हणाल्या, की पुढच्या वेळी वस्तीने त्यांना प्रतिनिधी म्हणून निवडायचे ठरवले आहे. "मला कुठं बोलता येतंय?" असे त्यांनी बाईंना म्हटले होते म्हणे. त्यावर बाई म्हणाल्या, "त्या दिवशी काकांना कोण बोललं मग?"

माझ्या सासूबाई आता नाहीत. त्यांच्या आजारपणातील द्रवसाबणाची एक बाटली मी दवाखान्यात ठेवली आहे, इन्सुलिन सुरू करणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाला दाखवण्यासाठी. सुई कशी टोचायची हे सांगण्यापूर्वी मी आता ती कोठे टाकायची ते सांगते. उद्या सकाळी कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबून ती तपासावी, आणि घंटा वाजवणाऱ्या व्यक्तीला तिचे नाव विचारावे, एवढीच विनंती.